हंसाबाईंचा दगड

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सतरा नंबरचा डबा रिकामा आहे, आणि तो मीच रिकामा केला!

कपिलची जुनी वही आज काढली ती फक्त वजनं उतरवून घ्यायला. सतराव्या पानावर त्याचं ते बारीक, डावीकडे कललेलं अक्षर — 'उल्का. घाटंजीकडचा तांडा. ४१२ ग्रॅम. काळी जळकी साल शाबूत. रंजिता, वय ९, हिला कापसाच्या पऱ्हाटीत सापडली. मुलगी पुढच्या साली तापानं गेली. अभ्यासापुरती आणली. आई हंसाबाई — हिला परत द्यायची.'

परत द्यायची. खाली दोन रेघा.

आणि मी ती ऑगस्टमध्ये नागपूरला, आमच्यासारखेच दगड जमवणाऱ्या राजकुमारकडे पाठवून दिली. अदलाबदलीत. त्याच्याकडचा एक टेक्टाईट हवा होता मला, काळ्या काचेचा, थेंबासारखा. उल्का कपिलच्या, टेक्टाईट माझे, अशी आमची वाटणी पहिल्यापासून. तो चिडवायचा, 'तुझी काच इथलीच गं. उल्का आदळल्यावर वितळून उडालेली माती! आभाळातला पाहुणा तर माझा.'

जानेवारीत त्याला जाऊन चार वर्षं होतील. झोपेतच गेला. चार वर्षं ती बाई वाट पाहते आहे, आणि मी थेंब उन्हात धरून बघत बसले.

१० नोव्हेंबर

राजकुमारला फोन केला.

'वहिनी, आपल्या शौकात परत मागनं नसते. आहेरातली साडी कोनी परत मागते का?' हसला. मग म्हणाला — 'कापायले काढला होता. एक खिडकी पाडली, बस. नखाएवढी.'

खिडकी! किती सहज म्हणतो आपण. साल घासून काढायची आणि आत धातूचे ठिपके चमकतात का ते बघायचं. मी स्वतः कितीदा पाडली आहे. आज अंगावर काटा आला.

'कोनाचा होता?'

'एका मुलीचा. ती नाही आता.'

त्यानंतर त्यानं मस्करी केली नाही. म्हणाला, 'पाठवतो. टेक्टाईट राहू द्या तुमच्याकडे.' मी ऐकलं नाही. संध्याकाळीच पार्सल केला.

१५ नोव्हेंबर

दगड आला. ४०९ ग्रॅम. तीन ग्रॅम खिडकीत गेले.

हवेतून जळत येताना उल्केवर खड्डे पडतात — मळलेल्या कणकेत अंगठा दाबावा तसे. यातला एक बाकीच्यांपेक्षा खोल आहे. माझा अंगठा त्यात मावत नाही. लहान मुलाचा मावेल. किती वेळ मी तेच करून पाहत होते कोण जाणे, दूध उतू गेलं.

१८ नोव्हेंबर

शाळेत हजेरी घेताना पोरींचे अंगठे पाहत होते. चौथीतल्या एकीनं हात मागे लपवला. 'मॅडम, म्या नाही सांडवली शाई!'

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळची घाटंजीची बस, पुढे ऑटो. हंसाबाई तांड्याबाहेरच्या वावरात कापूस वेचत होत्या. पन्नाशीच्या असतील. मी सांगितलं — कपिल सरांची बायको. त्यांचा हात बोंडावरच थांबला. माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, राग आहे.

'हंसाबाई, तुमचा दगड—'

'तो त देल्ला ना! तुमच्या सायबानं. चार साल झाले.' त्यांनी बांधाकडे बोट केलं. लिंबाखाली ओटा, ओट्यावर शेंदरी दगड. 'शेंदूर लावून, पूजा करूनच आनला होता. सोताच्या हातानं ठेवला. डोये भरून आलते त्याचे.'

पिशवीत गेलेला माझा हात पिशवीतच राहिला.

कपिलनं पूजा केली? कपिलनं? आमच्या लग्नानंतर सत्यनारायणाला बसावं म्हणून सासऱ्यांना त्याच्या विनवण्या कराव्या लागल्या होत्या. उदबत्ती लावली की खिडकी उघडायचा.

त्या पाणी आणायला गेल्या. माझ्या किल्ल्यांना चुंबक आहे, सवयीचं. पाप वाटलं, पण लावलं. आपल्याकडच्या काळ्या दगडालाही चुंबकाची थोडी ओढ असते, तेवढीच लागली. आळशी ओढ. बोटं सोडली आणि किल्ल्या ओट्यावर पडल्या. उल्केला चुंबक असं सोडत नाही.

म्हणजे हा नाल्यातला दगड. आकारानं जुळणारा शोधला असणार. आणि खड्डे नाहीत हे दिसू नये म्हणून शेंदूर — जाड, नारळाच्या करवंटीएवढा! देव झालेल्या दगडाला कोण खरवडून पाहतं?

पाणी प्यायले. 'रंजी त्यात अंगठा घालून झोपे,' हंसाबाई वावराकडे पाहत म्हणाल्या. 'म्हने, याडी, थंडा लागते.' याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मग एकदम उठल्या. 'बस निंघून जाईन तुमची. जा बाई.'

खरा दगड माझ्या मांडीवर होता. मी तो तसाच घेऊन आले.

२४ नोव्हेंबर

चोर.

लिहून पाहिला शब्द. वीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याला लावून पाहिला.

पण मग वहीतलं पान का नाही फाडलं? 'परत द्यायची' का नाही खोडलं? चोर मागे पत्ता ठेवत नाही... की हा वकील मी माझ्याचसाठी नेमला आहे?

साल इतकी शाबूत असलेली उल्का त्याला पुन्हा मिळाली नसती. तेवढंच असेल. रोज वाटत असेल, पुढच्या आठवड्यात देतो. तो मोह मला ठाऊक आहे. त्याच मोहात मी वही न वाचता डबा रिकामा केला.

फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. रात्रीच्या पोळ्या लाटल्या. पुन्हा सरळ केला.

२६ नोव्हेंबर

आज डबा उघडला नाही. तरी बोटांना गार लागत राहिलं.

३० नोव्हेंबर

निकिताला सांगितलं. पुण्याहून तासभर बोलत होती.

'आई, त्यांना माहीतच नाही ना? मग झालं! त्यांच्यासाठी तोच खरा. तू जाऊन सांगितलंस तर त्यांचा दगडही जाईल आणि आपले बाबाही. कुणाला काय मिळणार?'

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

'आणि तुझं ते चुंबक दहा रुपयांचं आहे,' ती म्हणाली, 'खराब झालं असेल.' मग रडायला लागली.

२ डिसेंबर

गुपचूप जाऊन बदलता येईल. खऱ्यावर शेंदूर चढवायचा, खोट्याच्या जागी ठेवायचा. कुणाला कळणार नाही. कपिल चांगलाच राहील.

बाजारातून शेंदराची पुडी घेऊनसुद्धा आले! ती स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली तेव्हा कळलं, हे कपिलला कसं सुचलं असेल. अगदी असंच. सगळ्यांचं भलं होईल असं वाटत असताना.

पुडी शेजारच्या मारुतीला देऊन आले. रविवारी जायचं. तोंडानं सांगायचं.

५ डिसेंबर

कसं सांगायचं? 'माझ्या नवऱ्यानं तुम्हाला फसवलं.' चारच शब्द आहेत. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता म्हणून पाहिले. चौथा येत नाही.

७ डिसेंबर, रविवार

सांगितलं. दगड हंसाबाईंच्या हातात दिला. त्यांचा अंगठा न बघताच त्या खड्ड्यावर गेला. मट्कन खाली बसल्या. आणि माझे पाय धरले!

'मले मालूम होतं, बाई. रंजीच्या दिवसाले ओट्यावरल्या दगडाले आंघोय घातली, शेंदूर निंघाला, खड्डा नव्हता, तव्हाच समजलं. मी देवीपुढं बोटं मोडले. म्हनलं, नेनाऱ्याचा मुडदा पडो. आठ दिवसानं शिव्या द्याले फोन केला, त तुमीच उचलला. तुमी म्हनल्या, ते काल गेले. भेवानं शेंदूर परत मीच चढवला.' त्यांनी पाय सोडले नाहीत. 'मागच्या खेपी तुमाले पाहून वाटलं, पकडलं मले. मीच मारला त्याले. माफ करा.'

तेरवीपर्यंत किती फोन उचलले, मला एकही आठवत नाही. डॉक्टर अटॅक म्हणाले होते.

'तुमच्यामुळे नाही, हंसाबाई' — एवढं म्हटलं असतं तर त्या सुटल्या असत्या. मी म्हटलं नाही.