शून्यावरची सुई

३ नोव्हेंबर

संघप्रियाचं बीपी १५८ वर १०० — म्हणे! नर्स अन्नपूर्णाबाई घरी येऊन मोजून गेल्या. पोरगी सातवा संपवून बाळंतपणाला गोंडपिपरीला माहेरी आलेली, आणि बाई तिच्यासमोरच म्हणतात, "भाऊ, चंद्रपूरले न्या इले." मी माझं मशीन बांधलं. १३६ वर ८६. पुन्हा बांधलं. तेच.

"बाई, आधी तुमच्या मशीनले दवाखान्यात न्या," म्हणालो.

त्यांचं मशीन उघडलं. एका नळीवर दोन्ही जोडली, आतला स्क्रू पाऊण वळसा फिरवला. सुया जुळल्या. बाई हसल्या. "तुमचा हात लागला म्हणजे टेन्शन नाई."

नववी नापास माणूस मी. घड्याळं उघडून उघडून शिकलो. माझं मशीन वरोऱ्याच्या भंगारातलं. सुई शून्यापासून सरकलेली होती, ती उपटून बरोबर शून्यावर बसवली, केसाचा फरक नाही. त्यावरून आजवर सतरा मशीनं जुळवून दिली. वहीत तारखेनिशी नोंद आहे.

९ नोव्हेंबर

१३४. ठीक.

१४ नोव्हेंबर

पोरीची आई, सरिता, सकाळपासून मागे लागली आहे. पोरीच्या बांगड्या मनगटात रुतल्या, तोंड सुजलं, डोकं दुखतं. मोजलं — १३८. अन्नपूर्णाबाईंच्या मशीनवरही १३८. दोन मशीनं एकच बोलतात, आणखी काय पाहिजे?

"आकडा बाळंत होनार हाये, का पोरगी?" सरिता म्हणाली.

संघू पडल्या पडल्या हसली. "आई, बाबाच्या मशीनले नाव नोको ठेवू. रुसून जेवनार नाई ते."

सरिताने न्हाणीमागे सीताफळाखाली जागा साफ करून ठेवली आहे. बाळंतपणानंतर लेकराची वार तिथे पुरायची म्हणते. दवाखान्यात कोण देतो आता वार! पण तिला सांगत नाही.

१९ नोव्हेंबर

सकाळी पोट दगडासारखं. मग रक्त. चंद्रपूरला पोचायला दीड तास. लेकराचे ठोके नव्हते.

मुलगी होती. चौदाशे ग्रॅम.

२१ नोव्हेंबर

संघू शुद्धीवर आहे.

मी डॉक्टरबाईंना म्हणालो, वार दाखवा. त्या म्हणाल्या, "कशाला काका?" म्हटलं, मला बिघाड पाहिल्याशिवाय समजत नाही. त्यांनी दाखवली. स्टीलच्या ट्रेमध्ये, तळहातापेक्षा थोडी मोठी. जागोजागी पांढरट, कडक — वाळलेल्या रबरासारखी. आणि मागच्या बाजूला काळ्या रक्ताची गुठळी, मुठीएवढी.

त्यांनी सावकाश सांगितलं. सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या गर्भाशयातल्या नसा रुंद व्हायला हव्यात. हिच्या अरुंदच राहिल्या. वारेला रक्त कमी पडलं. पांढरा भाग म्हणजे उपाशी मेलेला भाग. तिकडे आईचं बीपी चढत गेलं. शेवटी मागे रक्तस्राव होऊन वार सुटली, लेकराचा श्वास तिथेच तुटला.

"म्हणजे आधीपासूनच..."

"वार आधीपासूनच आजारी होती. ती आम्हालाही दुरुस्त करता येत नाही. पण बीपी कळलं असतं तर गोळ्या दिल्या असत्या, भरती केलं असतं, लेकरू वेळेत बाहेर काढलं असतं. घरी किती यायचं?"

"एकशे छत्तीस. अडतीस."

"इथे आली तेव्हा एकशे चौऱ्याहत्तर होतं. मोजत कोण होतं?"

मी, म्हणालो. त्यांनी ट्रेवर कापड ओढलं.

२४ नोव्हेंबर

निकेश, जावई, पाया पडला. "बाबा, तुमी होते म्हणून संघू तरी वाचली."

याच्यापेक्षा त्याने कानाखाली मारायची.

२७ नोव्हेंबर

गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणली. शिडीला उभी बांधली, पाणी भरलं. बीपीचा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरचा; पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे बाईंच्या त्या १५८ ला पाणी २१५ सेंटिमीटर चढायला हवं. माझं मशीन जोडलं. फुगा दाबत गेलो. पाणी बरोबर २१५ वर आलं.

सुई १३६ वर.

तीनदा केलं. हवा सोडली की सुई शून्यावर, केसाचा फरक नाही. आतली हवेने फुगून सुई ढकलणारी डबी थकली होती. सरकलेली सुई तेच सांगत होती, आणि मी तिला उपटून शून्यावर बसवून तोंड बंद केलं. अन्नपूर्णाबाईंचं मशीन खरं बोलत होतं. त्याचंही तोंड मीच बंद केलं.

पाण्याला स्क्रू नसतो.

सरिता दारात उभी राहून पाहत होती. मग शिडीची नळी सोडायला हात लावला.

२८ नोव्हेंबर

वही घेऊन निघालो. सतरा नावं. पहिलं उपकेंद्र अन्नपूर्णाबाईंचंच. आज गरोदर बायांचा तपासणीचा दिवस, बाकावर सहा जणी. बाईंनी एकीच्या दंडाचा पट्टा सोडला, तिच्या कार्डावर लिहिलं, म्हणाल्या, "एकशे बत्तीस. मस्त हाये. जाय घरी."

ती उठत होती. तिच्या बांगड्या रुतल्या होत्या.