आईचा तिसरा नकार

प्रिय आर्डिसताई,

सप्रेम नमस्कार. मिनेसोटात बर्फ किती साचलंय, गाडी सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते का आणि ऑर्व्हिलभावजींचा गुडघा काय म्हणतो, ते कळव. (भावजी "विशेष काही नाही" म्हणाले, तर त्यांना चालता येत नाहीये असं समज आणि डॉक्टरकडे ने.) मी इथे लॉस एंजेलिसमध्ये मजेत आहे. भर जानेवारीत बिनबाह्यांचे कपडे घालून फिरते, हे आईला सांगू नकोस.

माझा गुझबॉर जोरात आहे. पोरंबाळं झोपल्यावरच लावायच्या त्या कार्टूनमधला हा परग्रहवासी तुला ठाऊकच आहे. अनोळखी माणसांच्या अंत्यविधीला जायचं, विधवेपेक्षा मोठ्याने रडायचं आणि मग चर्चच्या तळघरातल्या जेवणावर आडवा हात मारायचा, हा त्याचा धंदा. शिवाय खोट्या नावांनी केलेली चार लग्नं, त्यातलं एक तर शवपेटी अजून दारातच असताना. एवढ्या निर्लज्ज जिवाला कित्येक वर्षं मी आवाज देते आहे, आणि आई चर्चमधल्या बायकांना सांगते की सिग्ने रेडिओसारखं काहीतरी करते. तो कार्यक्रम आपण कधी पाहिला नाही, असंही सांगते. (मागे फोनवर मात्र मला म्हणाली, "त्या सँडविचला लोणी नव्हतं गं. आपल्याकडे मयताच्या जेवणात सँडविचला लोणी लावतात.")

तर यंदा गुझबॉरची आई पृथ्वीवर येणार आहे. तिला आवाज कुणाचा, असं निघालं तेव्हा मी आपल्या आईचं नाव सुचवलं. बाबा गेल्यापासून ती किती गप्प झाली आहे, ते तू रोज बघतेस. पण त्या लोण्याबद्दल बोलताना तिचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत चढला होता, आणि तो मला पुन्हा ऐकायचा होता. आमचा निर्माता देझमंड (स्वभावाने देवमाणूस, पण जन्माचा इथलाच) याने लगेच तिला फोन लावला. आई म्हणाली, "अहो छे, मला कुठलं जमायला!" आणि ताई, या शहाण्याने "बरं, हरकत नाही" म्हणून फोन ठेवला!

एकदा विचारून! आपल्याकडे नुसते उकडलेले बटाटे वाढतानासुद्धा तीनदा विचारतात. पहिला नकार रीत म्हणून, दुसरा यजमानाची परीक्षा बघायला, आणि तिसऱ्याला "बरं, अगदी थोडे हं" म्हणत ताट पुढे. आता आई फोनपाशी बसून आहे. गायनाच्या तालमीलाही गेली नाही. मला म्हणते, "त्यांना कुणीतरी चांगली मिळाली असेल, नाही? मी आपलं सहज विचारलं." मी देझमंडला फैलावर घेतलं, तर म्हणतो, "हवं असेल तर बाई सरळ हो का म्हणत नाहीत?" म्हटलं, सरळ हो म्हणायला ती काय गुझबॉर आहे? पण नाही म्हणजे नाही, पुन्हा विचारणं म्हणजे छळ, असं त्याला शिकवलंय. तो हटत नाही, आणि सोमवारी तो दुसरी बाई ठरवणार.

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार.

तुझी,
सिग्ने

ता. क.: पत्राचं खरं कारण आता लिहिते. येत्या रविवारी चर्चमधून परतताना तू तिला दुसऱ्यांदा विचार. तिसऱ्यांदा मी विचारीन. एकाच तोंडाने लागोपाठ विचारलेलं ती धरत नाही.

आणखी ता. क.: थांब, विचारू नकोस! पाकीट चिकटवणार तोच देझमंड धापा टाकत आला. आईने त्याला आपणहून फोन केला होता, जमणार नाही हे पुन्हा सांगायला. त्याने "काही हरकत नाही" म्हणून समजूत घातली. जरा वेळाने तिचा परत फोन: खरंच नाही हो जमणार. शेवटी तो कावून म्हणाला, "बाई, तुम्हाला हे काम करायचंय का?" त्यावर आई म्हणाली, "आता तुम्ही एवढा आग्रहच धरलाय, तर..."

शेवटचा ता. क.: आईने संहिता वाचली. सहा पानं नुसत्या शिव्या आहेत, शिवाय गुझबॉरची आई पाद्र्याला न्हाणीघरात कोंडते. आपल्या आईची तक्रार एकच. कोंडण्याआधी ती परग्रहवाली पाद्र्याला कॉफी देते आणि बरोबर काहीच देत नाही. "नुसती कॉफी, सिग्ने? परग्रहावरची असली म्हणून काय झालं, आई आहे ना ती?" आता शिव्या तशाच ठेवून लिंबाच्या वड्यांची बशी घातली आहे.