तिसरं कडवं

१६ जून, रविवार

तो माणूस कोण?

आज गाण्याच्या क्लासच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेत बसलो होतो, टोपी डोळ्यांवर ओढून. बायकोला, नोबुएला, सांगितलं नव्हतं. ती दर वेळी म्हणते, 'तुम्ही नका येऊ, कंटाळाल.' आणि मासे धुरावर सुकवायच्या कारखान्यात रविवार तरी कुठे असायचा, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता. मार्चमध्ये निवृत्त झालो. म्हटलं, बायको दर मंगळवारी गाण्याच्या क्लासला जाऊन करते काय ते बघू तरी.

काय करते! निळा किमोनो, केस वर बांधलेले, ओठांना रंग. आधी ओळखलंच नाही. आणि गाणं — एक बाई उत्तरेकडच्या बंदरात राहते, हिवाळा, तिचा माणूस बोटीने निघून गेलाय. पहिल्या कडव्यात ती दोघांपुरती साकेची दारू गरम करते. दुसऱ्यात त्याची विसरलेली छत्री कोपऱ्यात तशीच ठेवते. तिसऱ्यात म्हणते, अहो, आता येऊ नका. माझी मी राहायला शिकले.

हे 'अहो' तिने असं म्हटलं की माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसायला लागली. घरी हेच 'अहो' मला ऐकू येतं ते 'अहो, कचरा टाकून या'मध्ये.

दुसऱ्या कडव्यानंतर मधे नुसती वाद्यं वाजतात. तेवढ्यात घरची माणसं स्टेजच्या कडेला जाऊन फुलं देतात, तशी पद्धतच आहे. नोबुएसाठी एक माणूस उठला. साठीचा, कोट नीट इस्त्री केलेला. पांढऱ्या फुलांचा गुच्छ, मधे एकच जांभळं. दोन्ही हातांनी दिला, तिचा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलला. ती हसली!

मग वळली आणि तिसरं कडवं म्हणाली. आता येऊ नका.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. निघून आलो. ती घरी आली तेव्हा गुच्छ हातात. मी विचारलं नाही. तिनेच विचारलं, 'कुठे गेला होतात?'

'मासे पकडायला.'

'गळ न घेता?'

२५ जून, मंगळवार

क्लासला गेली. गुच्छ अजून फुलदाणीत. देठ रोज कापते, पाणी बदलते. मला सर्दी झाली होती तेव्हा इतकं केलं नव्हतं.

२ जुलै, मंगळवार

चिनात्सुचा नागोयाहून फोन. पोरीला सहज म्हणून विचारलं, बायकांच्या प्रेमाच्या गाण्यांत तो पुरुष कायम निघून का गेलेला असतो?

'बाबा, घरात बसलेल्या माणसावर कोण गाणं लिहील?'

हसत होती. मला काही हसू आलं नाही. तिला त्या उदागावा नावाच्या माणसाचं माहीत नाही. आमच्याच कारखान्यातला. निवृत्त झाला, फेअरवेलची फुलं सुकलीही नव्हती तर त्याच्या बायकोने बॅग भरली. 'रोज दुपारी तुमचं तोंड बघणं मला जमणार नाही,' म्हणाली. भांडण नाही, तंटा नाही. आता एकटाच नूडल्स खातो.

नोबुएही दुपारी माझ्याकडे बघते. काय बघते ते कळत नाही.

१३ जुलै

गाणं डोक्यातून जात नाही. आंघोळ करताना मीच म्हणत होतो!

खरं म्हणजे आम्हीही हीच गाणी म्हणायचो. वर्षाअखेरच्या पार्टीत, दोन बाटल्या झाल्या की एकेक दाढीवाला गडी उठायचा आणि बाई होऊन रडायचा — मी तुमची वाट पाहते, मला विसरू नका. मीसुद्धा म्हणालोय. लोक म्हणायचे, तामोत्सुचा आवाज चांगला आहे. तेव्हा कधी मनात आलं नाही की ही बाई कोण, कुणाची वाट बघतेय. आपलं म्हणायचं आणि खाली बसायचं.

नोबुए कुणाची वाट बघतेय? बसला पाच मिनिटं उशीर झाला तर ती चालत निघते!

६ ऑगस्ट, मंगळवार

त्या फुलंवाल्या माणसाचं नाव कळलं. कुवाबारा. स्टेशनमागे सायकलचं दुकान. वाण्याकडे मिझुहोबाई भेटल्या, गाणं शिकवणाऱ्या. तरुणपणी त्यांची एक रेकॉर्ड निघाली होती, अजून तशाच केस फुगवून फिरतात. मी आपलं आडून आडून विचारलं. म्हणाल्या, 'अय्या, नोबुएसानचे यजमान! तुम्ही आहात होय!' आहात होय म्हणजे? मला काय मेला समजत होत्या?

मग म्हणाल्या, 'तिसरं कडवं त्यांच्यासारखं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. मी सगळ्यांना सांगते, गाताना एक माणूस डोळ्यांपुढे आणा. एक बाई तर आपला मेलेला कुत्रा आणते. नोबुएसान कुणाला आणतात, विचारलं तर सांगत नाहीत.'

टोफू घ्यायला गेलो होतो, विसरून मुळा घेऊन आलो. नोबुएने मुळा किसला.

२० ऑगस्ट

आज एक मूर्खपणा केला. टाचणीने सायकलचं पुढचं टायर फोडलं आणि ढकलत कुवाबाराकडे नेली.

माणूस भला आहे. तीच तर पंचाईत! गार चहा दिला. पंक्चर काढता काढता भोकाकडे बघत म्हणाला, 'टाचणी. घरातच लागली वाटतं.' माझे कान लाल झाले. घाम मी उन्हावर ढकलला.

पैसे घेईना. माझं आडनावही त्याला माहीत. 'इवासाकिसान ना? नोबुएसानच्या घरचे. तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे!'

का बरं नाही घ्यायचे? धीर करून म्हणालो, 'जूनमध्ये तुम्ही हिला फुलं दिलीत म्हणे.'

गडबडला. हातातल्या फडक्याची तीनदा घडी केली. 'मी आपला नुसता हमाल हो,' म्हणाला. 'त्यांनाच विचारा.'

हमाल! कुणाचा हमाल? म्हणजे फुलांमागे आणखी एक तिसराच आहे?

२१ ऑगस्ट

झोप नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

विचारणार होतो. जेवताना. वाक्य तयार होतं.

तीच बोलली. '१० नोव्हेंबरला कार्यक्रम आहे. क्लासमध्ये विचारत होते, घरून कोण येणार.'

मी म्हणालो, 'मग?'

'मग काय. मी सांगितलं, माहीत नाही.'

दर वेळी म्हणायची, नका येऊ. आज म्हणाली नाही. 'या' असंही म्हणाली नाही. मी मासा खात राहिलो, तीही. मी मूर्ख आहे का? या म्हणून सुचवतेय, की आता आलात काय नि न आलात काय, असं?

१२ ऑक्टोबर

तिने माळ्यावरची बॅग काढली!!

दारात उभा राहून बघत होतो. उदागावाच्या बायकोची आठवण. तिने बॅग झटकली, उन्हात ठेवली, आत हिवाळ्याचे कपडे होते ते काढले. माझे. माझे लोकरी बनियन.

'असे का उभे आहात भूत बघितल्यासारखे?'

'काही नाही.'

'मग वाटेतून व्हा बाजूला.'

बाजूला झालो. ही गेली तर मला भातही लावता येत नाही, हे खरं. पण ते नाही. भात विकत मिळतो. ही गेली तर संध्याकाळी दार उघडून 'आलो' कुणाला म्हणायचं? इतकी वर्षं रोज म्हणत आलो, धुराने काळा होऊन. ती आतून काहीतरी म्हणायची, मी कधी नीट ऐकलं नाही. हे तिला सांगता आलं पाहिजे. कसं सांगतात? गाण्यातल्या बायका किती सहज बोलतात. पुरुषाला सांगायचं असलं तर त्याने काय करायचं, किमोनो नेसायचा?

३ नोव्हेंबर, रविवार

ठरवलं. मीही फुलं देणार. कुवाबाराच्या, नाहीतर तो जो कोण आहे त्याच्या गुच्छापेक्षा मोठा. सगळ्यांसमोर. मग बघू तिसऱ्या कडव्यात काय म्हणते.

९ नोव्हेंबर, शनिवार

डोकं चालेनासं झालंय. जसं झालं तसं लिहितो.

फुलवालीकडे गेलो. ओइशिबाई. म्हणालो, पांढरी शेवंती द्या, चांगली मोठी मोठी.

'शेवंती? मयताला चाललात का?'

'बायकोच्या गाण्याला.'

ओइशिबाई कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. 'म्हणजे नोबुएसानच्या? तुम्ही देणार? स्वतः?' आणि तोंडावर हात. 'तरीच या वेळी त्यांचा फोन नाही!'

'कसला फोन?'

मग त्यांनी सांगितलं. दर कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात नोबुएच फोन करते. पांढरा गुच्छ, मधे एक जांभळं. पैसेही तीच देते. कुवाबारा येऊन नेतात आणि स्टेजपाशी देतात. त्यांची बायको याच क्लासला होती, ती वारल्यापासून ते हे काम करतात. ज्यांच्या घरून कुणी येत नाही, त्या सगळ्या बायका असंच करतात म्हणे. 'रिकाम्या हातांनी उभं राहायचं म्हणजे किती लाजिरवाणं हो! बाकीच्यांची मुलं-नातवंडं रांगेत, आणि आपल्यापुढे कुणीच नाही. तेवढी वाद्यं संपता संपत नाहीत.'

म्हणजे ती फुलं तिचीच. तिनेच आणलेली, तिनेच घेतलेली, तिनेच देठ कापून जपलेली. तिसरा कुणी नव्हताच. दुसराही नव्हता. तिथे असायला हवा होता तो मी!

दुकानातच खाली बसलो, बादलीशेजारच्या स्टुलावर.

'मीच फोन केला परवा,' ओइशिबाई म्हणाल्या. 'म्हटलं, विसरलात की काय. तर म्हणाल्या, या वेळी नको.'

'का नको?'

'ते मी कसं विचारणार?'

या वेळी नको. कंटाळली? की जूनमध्ये मागच्या रांगेतली टोपी तिने पाहिली होती? गळ न घेता मासे, म्हणाली होती! की हे शेवटचंच गाणं, आणि त्यानंतर बॅग? काही म्हणजे काही कळत नाही. एवढंच कळतं की उद्या दुसऱ्या कडव्यानंतर ती रिकाम्या हातांनी उभी राहील.

पांढरी फुलं सांगितली, दर वेळची. मधे एक जांभळं.

१० नोव्हेंबर, रविवार

दिली. वाद्यं सुरू झाली आणि उठलो, कुणाच्या तरी पिशवीला अडखळलो. कुवाबाराने मागून हलकेच ढकललं. नोबुएने वाकून गुच्छ घेतला. माईक बाजूला धरून म्हणाली, 'अहो, किती उशीर!' मला 'आलो' एवढंच म्हणता आलं.

मग तिसरं कडवं. वाद्यं वाजत राहिली, ती गायलीच नाही. मिझुहोबाई खालून ओठ हलवून शब्द सांगत होत्या — आता येऊ नका, आता येऊ नका. ही नुसती उभी, हसत, फुलं कवटाळून. गाणं संपलं. लोकांना वाटलं विसरली, त्यांनी जास्तच टाळ्या वाजवल्या.

घरी येताना विचारलं, 'शब्द विसरलीस?'

'छे! पाठ आहेत की.'