उपाशी पट्ट्यातली ज्वारी

वडनेर भोलजी, २२ जून १९३८

चि. भगवानास दादाचे अनेक आशीर्वाद. येथील क्षेम, तुमचे कळवीत जावे.

तुझ्या सरकारी शेतावरचे पांढरे खत पोहोचले. तुझी वहिनी वारल्यापासून घर आपली मनकर्णाआक्का पाहते. तिने ते मीठ समजून बरणीत भरले होते. वेळीच दिसले.

वहिनीने निवडून टांगलेली कणसे तेवढी उरली होती. ती ज्वारी कमी खतातही भरते असे तू म्हणतोस, म्हणून सगळी झोडून पेरली. एका पट्ट्याला खत दिले, दुसरा उपाशी ठेवला. दुसरे बियाणे नाही, हे ध्यानात असू दे. लोभ आहेच, तसाच राहो.

अकोला, १७ सप्टेंबर

ती. दादांस भगवानाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

खतावर कोणतीही ज्वारी माजते. नत्र कमी असता जी भरते, ती आम्हाला हवी. उपाशी पट्ट्यातली जोमदार कणसे फुलण्याआधी सोबतच्या कागदी पिशव्यांत बांधा, म्हणजे शेजारच्या ज्वारीचा पराग शिरणार नाही.

माझे सासरे महादेवराव पुढे एका लग्नास जाताना तुमच्याकडे उतरतील. ते फार बोलतात, तुम्ही मुळीच नाही, तेव्हा जमेल. माया असू द्यावी.

वडनेर भोलजी, १८ नोव्हेंबर

चि. भगवानास आशीर्वाद.

तुझे सासरे येऊन गेले. आक्काने हुरडा भाजला. ते म्हणाले, सरकार असा हुरडा पिकवीत असेल तर राज्य बरे आहे. तेव्हा मी पट्ट्यात जाऊन पाहिले. पिशव्या सगळ्या रिकाम्या.

आक्का म्हणते, चांगलं झाकून ठेवलं ते पाहुण्यायसाठीच असते, मले काय मालूम, तू कोणाले काही सांगतं का? खरे आहे, मी सांगितले नव्हते. मला हसू आले. मग जेवण गेले नाही. वहिनीचे बियाणे संपले काय, ते लवकर कळव.

अकोला, २२ नोव्हेंबर

ती. दादांस शि. सा. नमस्कार.

संपले नाही. ज्वारी बहुतेक आपल्याच परागाने भरते. उघड्या कणसांत थोडी भेसळ असेल, ती आम्ही पुढे काढू. पिकल्यावर उपाशी पट्ट्यातली भरदार कणसे निवडा. तुम्हीच निवडा. आक्कांना रागावू नका. सासरे आमच्या शेतावरच्या साहेबांनाही त्या हुरड्याचे सांगून आले आहेत.

वडनेर भोलजी, २६ डिसेंबर

चि. भगवानास आशीर्वाद.

निवड नेहमी तुझी वहिनी करी, मी फक्त टोपली धरी. यंदा टोपली आक्काने धरली आणि हे नको, ते घे, म्हणून डोके खाल्ले. बरे वाटले.

निम्मी कणसे पार्सलने पाठवीत आहे, निम्मी येथे ठेवली. सगळे एकाच घरात ठेवायचे आता धैर्य होत नाही. पोहोच कळवावी, आठवण ठेवावी.

तुझा दादा
उकंडराव