फळ्यावरची शेवटची ओळ

मी, मनकर्णा सटवाजी जोंधळे, वय ७० वर्षे, व्यवसाय काही नाही, रेल्वेची पेन्शन, राहणार ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी, तथागतांना वंदन करून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे आणि झोप ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा दाखला लागत नाही असं वकील म्हणाले. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. उलट जो येतो तो म्हणतो, "बसा जरा, काय घाई आहे?" घाई आहे. हे माझं तिसरं मृत्युपत्र आहे. आधीची दोन मी फाडली.

१. माझे पती सटवाजी पूर्णा जंक्शनला गँगमन होते. १९८१ साली कामावर असताना वारले. मुलगा एकच, धम्मानंद. त्याचं परभणीत स्वतःचं घर आहे आणि मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्याची मुलगी निकिता, वय २२, गंगाखेडच्या सिद्धोधनला दिलेली. निकिताची मुलगी सम्यका, वय दोन. याखेरीज माझा कोणी वारस नाही. फळा वाचून मला मावशी, आत्या म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हक्क सांगू नये.

२. निकिताला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. घर नाही, भांडी नाहीत, खडूचा तुकडासुद्धा नाही. हे वाचून कोणी तोंड वाकडं करू नये आणि उडी मारून शेवटच्या पानावरही जाऊ नये. कागद शेवटपर्यंत वाचा, असं मी जन्मभर लोकांना सांगत आले. एकदा मात्र मीच शेवटची ओळ लोकांपासून लपवली आणि त्यापायी या पोरीचं शिक्षण बंद पडलं. हा सगळा कागद त्या ओळीसाठी लिहिते आहे.

३. फळा. घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर जो काळा लाकडी फळा आहे तो पूर्णा स्टेशनावर होता. गाडी कुठून येणार, किती उशिरा येणार, हे मी त्याच्यावर खडूने लिहीत असे. विजेवरच्या लाल अक्षरांच्या पाट्या आल्यावर तो भंगारात निघाला, तो मी रीतसर घेतला. पावती कपाटात वरच्या कप्प्यात आहे. कोणी म्हणेल बाईने रेल्वेचा माल ढापला, म्हणून लिहून ठेवते.

निवृत्त झाल्यापासून मी त्याच्यावर गाड्यांऐवजी विधेयकं लिहिते. दिल्लीत कोणतं विधेयक मांडलं, ते आता कुठे आहे आणि मंजूर झालं तर आपल्या घरात काय बदलेल, एवढंच. चांगलं की वाईट ते लिहीत नाही. यावरून शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक दिनकरराव यांच्याशी माझं दहा वर्षं भांडण आहे. "बाई, तुमचं मत लिहा ना! नुसतं काय होणार ते लिहून लोकांना काय कळणार?" असं ते म्हणतात. माझं मत म्हणजे गाडी चांगली की वाईट हे सांगण्यासारखं आहे. मी ती कुठवर आली ते सांगते, बसायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं.

दिनकररावांकडे माझी बांबूची शिडी २०१९ पासून आहे. ती त्यांनाच देऊन टाकणार होते, पण ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असा वकिलांचा सल्ला पडला. तेव्हा शिडी परत आणावी. साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते, तरी ते हा परिच्छेद वाचणार हे मला माहीत आहे.

४. हा नाद मला का लागला तेही लिहिते, कारण धम्मानंद त्याला रिकामपणाचा उद्योग म्हणतो. सटवाजी गेले तेव्हा धम्मानंद तीन वर्षांचा होता. मी तीन वर्षं दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचला. मग एकदा रेल्वेचा पास मागायला पूर्णेच्या कचेरीत गेले, तर एका कारकुनाने विचारलं, "बाई, नोकरीचा अर्ज का न्हाई केला? नवरा कामावर मेला तर बायकोला घ्यायचा नियम हाय की." नियम होता. तीन वर्षं होता. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या कचेरीच्या पायरीवर बसून रडले, आणि नवरा गेला तेव्हाही इतकी रडले नव्हते. आधी वेटिंग रूमची आया झाले, मग दहावी केली, मग चौकशीच्या खिडकीवर बसले. तेव्हापासून कुठलाही नियम लोकांना कळायच्या आत निघून जाऊ नये, याची मला तळमळ आहे. अजून ती शमत नाही. अधिवेशन चालू झालं की मला जेवण गोड लागत नाही.

५. वह्या. एकूण बावीस. प्रत्येक विधेयकाला त्यात पान आहे. बियाण्याचं विधेयक २००४ साली मांडलेलं, त्याला सात पानं झाली आणि दर बाजाराला कोणीतरी विचारतोच, "मावशी, बियाण्याचं काय झालं?" या वह्या विहारातल्या कपाटात ठेवाव्यात, रद्दीत घालू नयेत.

वही क्रमांक १४ मात्र धम्मानंदला देते. त्याने पान ३१ पूर्ण वाचावं, खालच्या ओळीपर्यंत. तिथलं अक्षर त्याच्या मुलीचं आहे.

(इथे मी उठून बाहेर जाऊन आले. पुढचं कलम लिहिताना मला एका जागी बसवत नाही.)

६. डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत एक विधेयक मांडलं गेलं. मुलींचं लग्नाचं कमीत कमी वय अठरावरून एकवीस करायचं. निकिता तेव्हा अठरा वर्षं आठ महिन्यांची, परभणीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. सुटीला माझ्याकडे आली की इंग्रजी विधेयकं मोबाइलवर काढून तीच मला वाचून सांगायची आणि वहीत उतरवायची. तेही तिनेच वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "आजी, हे बघ, मंजूर झालं तरी सही झाल्यावर दोन वर्षांनी लागू व्हणार. लोकांना येळ मिळावा म्हणून. हे पण लिव फळ्यावर."

मी म्हणाले, "जागा न्हाई गं फळ्यावर. पाचच ओळी बसतेत."

दुसऱ्या दिवशी घरासमोरच्या रस्त्यावर आठवडी बाजार होता. टीव्हीवर दोन दिवस ओरडा चालला होता आणि लोक माझ्या फळ्याची वाट बघत होते. मी ठळक लिहिलं, मुलींचं लग्नाचं वय एकवीस होणार. फळ्याखाली भाजीवाली सुलाबाई मेथीच्या जुड्या लावत बसली होती. तिला वाचता येत नाही, ती दर वेळी मला विचारून बाजारभर सांगते. तिने विचारलं, "कधीपासून?" साऱ्या बाजारात हा प्रश्न तिला एकटीला सुचला. मी म्हणाले, "होईल लवकरच."

पूर्णा स्टेशनावर मिरखेलहून गाडी सुटल्याचा फोन आल्याशिवाय मी ती फळ्यावर कधी लिहिली नाही. खिडकीवरच्या साऱ्या वर्षांत एकदाही नाही. आणि इथे न सुटलेली गाडी मी आली म्हणून लिहिली.

दुपारी धम्मानंद आला. गंगाखेडचं स्थळ त्याच्या मनात होतं, पण डिग्री झाल्यावर बघू असं ठरलं होतं. फळा वाचून आत आला तो चप्पलसुद्धा न काढता. "माय, कायदा आला म्हंजी पोरगं तीन वर्षं थांबणार हाय का? समदे घाई करायलेत. जानेवारीत उरकून टाकू."

निकिता चुलीपाशी उभी होती. म्हणाली, "आजी, तू सांग की पप्पाला. दोन वर्षं हायत म्हणून. तू सांगितलं तर ऐकतेत ते."

मी म्हणाले, "बघू."

एवढंच म्हणाले. सकाळपासून शेकडो माणसांनी फळा वाचला होता. आता खाली ओळ वाढवली तर बाई चुकल्या म्हणून दिनकरराव गावभर सांगतील, हे माझ्या डोक्यात होतं. जानेवारीत लग्न झालं. कोरोनाचे नियम होते, पन्नास माणसं होती. निकिताने पहिल्या वर्षाची परीक्षा दिली नाही.

सिद्धोधन चांगला मुलगा आहे, त्याच्यावर राग नाही. धम्मानंदवर आहे. पण त्याच्यावर रागवताना मला माझाच आवाज ऐकू येतो. "तूच लिवलं हुतंस की," असं तो म्हणतो आणि ते खरं आहे. त्यानंतर निकिता माझ्याकडे आली की मागच्या दाराने यायची, फळ्यासमोरून जावं लागू नये म्हणून.

विधेयक समितीकडे गेलं आणि तिथेच राहिलं. जून २०२४ मध्ये लोकसभा बरखास्त झाली, तिच्यासोबत तेही गेलं. मी फळ्यावर लिहिलं, बारगळलं. सुलाबाईने विचारलं, "म्हंजी अठराच का?"

"अठराच."

"मग निकीचं काय?"

मी फडकं झटकत राहिले.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते लिहिते. फळ्यावर जागा होती. पाच ओळींतल्या चार विधेयकाच्या असत. पाचव्या ओळीत दर आठवड्याला मी लिहीत असे, 'माहिती : मनकर्णाबाई जोंधळे, निवृत्त रेल्वे.' ते नाव पुसलं असतं तर दोन वर्षांची ओळ बसली असती. मला नाव पुसायचं नव्हतं. नात शिकत राहिली असती, पण मला लोकांकडून माझं नाव वाचून घ्यायचं होतं. याची मला लाज वाटते, आणि ती मेल्यावरही कागदावर राहावी म्हणून इथे लिहिली.

७. पहिलं मृत्युपत्र यंदा मे महिन्यात लिहिलं. घर माझ्या पश्चात निकिताला, पण पदवी पूर्ण करण्याच्या अटीवर. फार शहाणपणा केला असं मला वाटलं होतं. तिला बोलावून वाचायला दिलं. उंबऱ्यावर बसून, सम्यकाला भात भरवत तिने ते विधेयक वाचायची तसं वाचलं, शेवटपर्यंत. मग विचारलं, "आजी, हे लागू कधीपासून?"

"मी गेल्यावर."

"म्हंजी परत थांबायचं. आन् मला तुझ्या मरणाची वाट बघायला लावतीस व्हय?"

मी कागद तिच्यासमोर फाडला. मग अट काढून दुसरं लिहिलं. ते पुरं व्हायच्या आतच कळलं की तेही तसंच आहे, आणि तेही फाडलं.

म्हणून २६ ऑगस्ट रोजी पूर्णा येथे बक्षीसपत्र नोंदवून ताडकळसचं घर निकिताच्या नावे केलं. अट नाही. वकील म्हणाले, "बाई, हयातीत घर देऊ नका, उद्या तुम्हालाच बाहेर काढतील." काढलं तर काढलं. एकदा तिच्या शिक्षणातून मी तिला बाहेर काढलंच आहे. हा कागद होण्याआधीच, जुलैत, ती माझ्याकडे राहायला आली आणि आता पुन्हा पहिल्या वर्षाला आहे. सकाळच्या बसने परभणीला जाते, सिद्धोधन सुटीच्या दिवशी गंगाखेडहून येतो आणि सम्यका दिवसभर माझ्यापाशी असते. ती खडू खाते. मी ओरडते. ती पुन्हा खाते.

निकिता माझ्याशी अजून मोजकंच बोलते. तेवढं तिने बोलावं अशीही माझी लायकी नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

८. गळ्यातली सोन्याची पोत सम्यकाला. तिच्या लग्नाची घाई कोणी करू नये. कायदा कमीत कमी वय सांगतो, त्या दिवशी मांडव घाला असं सांगत नाही.

९. फळा हवा का, असं निकिताला विचारलं होतं. ती म्हणाली, "मला तो नको." बरोबर आहे. तो सुलाबाईला देते. तिने तिथेच खाली बसून भाजी विकावी आणि जो लिहील त्याला आधी तोच प्रश्न विचारावा. पाचवी ओळ मी ऑइल पेंटने कायमची रंगवून घेतली आहे, 'लागू कधीपासून :'. पुढे खडूने भरायचं. माझं नाव पुसलं आहे. महिला आरक्षण २०२३ साली मंजूर झालं तेव्हा ही ओळ असती तर बायकांनी पेढे वाटायच्या आधी वाचलं असतं, की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण.

काल निकिता बसला निघाली ती पुढच्या दाराने. फळ्यासमोर थांबली. वाचलं. मग सम्यकाच्या हातातला खडू काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भर की मग. रिकामं कशाला ठेवलंस?"

१०. माझा जलदानविधी साधा करावा. उरलेली भांडी व कपडे धम्मानंदने ज्याला लागतील त्याला द्यावेत. पोरा, माझा राग गेलेला नाही, पण तू ते पान वाचलंस तर जाईल.

वरील मजकूर मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिला व दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. निकिताला या कागदाने काही मिळत नसल्यामुळे तिचा नवरा साक्षीदार चालतो.

ठिकाण : ताडकळस
दिनांक : १६ सप्टेंबर २०२५

सही : मनकर्णा सटवाजी जोंधळे

साक्षीदार :
१) दिनकरराव, निवृत्त मुख्याध्यापक, ताडकळस. (शिडी उद्या आणून देतो. — दि.)
२) सिद्धोधन, गंगाखेड

लागू कधीपासून : माझ्या पश्चात. निकिताचं घर सोडून. ते लागू आहे.