आवतण दिलं, बोळवण राहिली

३ फेब्रुवारी, वरसे

हौसा, तू चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी. मिठागराची लेक असून माझ्या लग्नात आमटीला मीठ घालायचं विसरलीस ती तूच. म्हणून सगळं तारीखवार सांगते. तू चौथी शिकलीस, त्याचा तोरा आजवर मिरवलास. आता बस वाचत. मला अक्षर येत नाही, पण मलाही लेखनिक मिळालाय.

काल एसटीने सुखरूप पोचले. कमळाकरच्या नमिताचा ब्लॉक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, वारा आहे. नात कंपनीत लॅबमध्ये आहे, पहाटे शिफ्टला जाते. मी यायच्या आधीच तिने एक जुना कंप्युटर आणून, त्यात नवं कार्ड बसवून, तीन दिवस कायकाय उतरवून घेतलं. आता इंटरनेटची वायर उपटली तरी तो पठ्ठ्या बोलतो. मी बोलते ते लिहितो, छापून देतो. नमिता म्हणाली, घरातला एक शब्द बाहेर जायचा नाही. मी म्हटलं, मग तुझ्या बापापेक्षा बरा.

त्याच्यावर तिचा इतका जीव की मी त्याचं नाव नातजावई ठेवलं. रागावली. मग हसली.

८ फेब्रुवारी

मला इथे आणलं ते लग्नात गायच्या धवल्यांसाठी. आपल्या आगरातली किती लग्नं मी गाऊन लावली, तुला ठाऊक. कागदावर एक ओळ नाही, सगळं माझ्या गळ्यात. नमिताला भीती, की म्हातारी गेली की गळाही गेला. म्हणून रोज सकाळी मी गाते, नातजावई साठवतो. आता तो माझ्याच आवाजात गातो, मधल्या खोकल्यासकट. हसून हसून पोट दुखलं.

आज आवतण दिलं, मेलेल्या वडीलधाऱ्यांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं ते. त्यात नवरानवरीचं नाव घातल्याशिवाय चाल पुढे सरकत नाही. कुणाचं घालू? नवरी नमिता घातली, नवरा तोच खोका. दोघी हसलो.

बोळवण मात्र दिली नाही. ती घरात म्हणायची नसते. लग्न उरकलं की माझ्यासारख्या धवलारणीने ती गात पितरांना खाडीच्या बांधापर्यंत न्यायचं. तिथे जित्या माणसाने तिला मिठाचा घास भरवायचा, तरच ती माघारी वळते. माझ्या सासूने, बायजाबाईने, असंच शिकवलं. ती रीत मोडायची नाही.

१३ फेब्रुवारी

दुपारी बारा वाजले की खोका आपणहून आवतण गातो. नमिता म्हणते तीच तशी वेळ लावून गेलीय, सराव होतो. होवो. पण पाच दिवस रोज बोलावणं चाललंय, आणि घरात ना मांडव, ना हळद.

आज लादीवर पावलं उमटली. ओली होती, सुकल्यावर पांढरी झाली. नमिता म्हणाली, आजी, बोअरचं पाणी जड आहे. मी बोट लावून चाटलं. उभा जन्म मिठागरात गेला माझा, मला बोअर शिकवते.

१६ फेब्रुवारी

नऊ जणांची पावलं. घरभर खाडीच्या चिखलाचा वास. एका उजव्या पायाला करंगळी नाही. बायजाबाईची मिठागरात फावड्याने गेली होती, आठवतं? नाही आठवणार तुला.

मी घाबरले नाही. म्हणजे घाबरले, पण दाखवलं नाही. सासूला काय दाखवायचं. सरळ म्हटलं, आलात, बसा, पण लग्न नाय हाय इथं. गंमत होती ती.

खोक्यातून माझाच आवाज आला.

"नवरी कुठंय गो?"

१८ फेब्रुवारी

नमिताच्या कानामागे हळद. ती म्हणते लॅबमधली पावडर. साबणाने घासली, जात नाही. ताटातला बोंबील तिने बाजूला सारला. अळणी भात तेवढा खाल्ला. मेलेल्यांचं जेवण अळणी असतं, हौसा—

१९ फेब्रुवारी

मी खोक्याचा प्लग उपटला. त्याचा पंखा थांबला, दिवे विझले. गाणं थांबलं नाही. खोक्याची गरजच उरली नाही, त्या नऊ जणांना पाठ झालंय. आता नमिताच्या फोनवर बोलून तुझ्या सुनेच्या फोनवर पाठवते, तुला ऐकूच येईल. मागे कुणी गुणगुणतंय ते मी नाही.

२० फेब्रुवारी

नमिता कामावर गेली नाही. भरदुपारी उठून दाराकडे चालली. मनगट धरलं तर थंड, खरखरीत— मीठ लागलं हाताला. मी उंबऱ्यात आडवी बसले. सांगून टाकलं, आवतण माझ्या गळ्यातलं, तर निस्तरणारही मीच. पोरीला हात लावाल तर याद राखा. या माझ्यामागून.

आणि बोळवण धरली. घरात धरली. मोडलीच अखेर—

बायजाबाई पहिली वळली. मग सगळी. नमिताच्या कानामागची हळद उतरली. मीठ मागून जेवली पोरगी, रडत.

२१ फेब्रुवारी

एसटीत आहे. नमिताला शेजारणीपाशी बसवून आले, तिचा फोन तेवढा घेतलाय. बोळवण सुरू केली की मधे तोडता येत नाही, ओठातल्या ओठात चालूच आहे. श्वास घेते तेवढ्यात तुला सांगते. कंडक्टरने माझ्या एकटीचंच तिकीट फाडलं. शेजारची जागा ओली आहे.

पाय जड झालेत. हाताला पांढरं— माझ्याच.

वडखळ आलं की उतरते. तिथून आपल्या बांधावर. मागे वळून बघायचं नाही मला, तूच समोरून ये. येता आलं नाही तर सुनेच्या हाती पाठव. पण पाठव. माझी जायची तयारी नाही, सांगून ठेवते. आणखी दहा लग्नं लावायचीत मला, नमिताचं धरून, माणसाशी.

तांदळाची भाकरी, भाजलेला बोंबील, आणि वर चिमूटभर आपल्याच आगरातलं— हौसा, भाकरी विसरलीस तरी चालेल, बोंबील विसर, पण मी—