सात गुरुवारांबद्दल

ज्योत्स्ना,

सकाळी पावणेआठला मी आळ्याला निघालो. तू डेअरीत दूध घालायला गेली आहेस, म्हणून लिहून ठेवतोय. तोंडानं सांगणं जमलं नसतं.

गेले सात गुरुवार मी कांदा मार्केटच्या बातमीला गेलोच नाही. आळ्याच्या समाजमंदिरात मनाच्या आरोग्याचा वर्ग चालतो, तिथे जात होतो. तिथेही खोटंच बोललो. पेपरकडून आलोय म्हणालो आणि वही उघडून मागे बसलो. बावीस जणांनी आपलं रडू, आपली धास्ती सांगितली. मी ती लिहून घेतली, माझी सांगितली नाही.

गेल्या गुरुवारी वर्गातल्या साळुबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊ, सात आठवडं झालं, बातमी कुठंय? का तुमीबी आमच्यातलंच?" सगळे हसले. मी हो म्हणालो. शिकवणाऱ्या बाईंनी वहीत तेविसावं नाव लिहिलं.

"अहो, काय होतंय तुम्हाला?" असं तू दिवाळीपासून विचारतेस. दर वेळी मी पेपर तोंडापुढे धरला. त्याची लाज वाटते. परवा समृद्धीवर विनाकारण ओरडलो, त्याचीही.

आज शेवटचा वर्ग, अकरा वाजता. प्रत्येकानं घरचं एक माणूस आणायचं आहे. साडेनऊच्या एसटीनं आळेफाट्याला उतरता येतं. किल्ली द्रौपदाकाकूंकडे दे, समृद्धी शाळेतून तिथेच जाईल.

बाईंच्या यादीत माझ्या नावापुढे तुझं नाव आहे. ते मी तुला न विचारता दिलं.

रविंद्र